पेरूच्या पानांतले फ्लॅवोनॉइड: अर्कावर न थांबता शुद्ध संयुगापर्यंत कसे जायचे?

गंधाली

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. आणि एम.फार्म.चे प्रकल्प वाचायला येतात त्यातल्या बऱ्याच प्रबंधांचा साचा आता पाठ झाला आहे. औषधी वनस्पतीची पाने, मिथेनॉलचा अर्क, मॅग्नेशियमची फीत आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून फ्लॅवोनॉइड ओळखायची शिनोडा चाचणी, डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा रंग किती उतरतो याचा आलेख, आणि शेवटी 'या पानांत प्रभावी अँटिऑक्सिडंट आहेत' हे वाक्य. कोणते संयुग, किती, त्याची रचना काय, याबद्दल एक ओळही नाही. पॉलिफिनॉल (फ्लॅवोनॉइड त्यांतलेच) बहुतेक सगळ्याच हिरव्या पानांत असतात, त्यामुळे अर्काने डीपीपीएचचा जांभळा रंग घालवला यात नवे काहीच कळत नाही. निकाल प्रयोगाआधीच माहीत होता.

मुलांची कुवत कमी आहे असे मला अजिबात वाटत नाही. 'पुढे जायला मोठी उपकरणे लागतात' असे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेले असते. साध्या कॉलेजच्या लॅबमध्येही एक शुद्ध फ्लॅवोनॉइड हाती येऊ शकतो. तो मार्ग इथे नीट लिहून ठेवावा म्हणून हा धागा.

उदाहरणाला पेरू घेतला आहे. पाने कुठेही मिळतात आणि त्यांचे रसायन आधीच चांगले तपासलेले आहे, त्यामुळे आपले उत्तर बरोबर आहे का हे पडताळता येते. या पानांत मुख्यतः क्वेर्सेटिन या फ्लॅवोनॉइडचे ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेली रूपे, असतात: ग्वायजाव्हेरिन, अ‍ॅव्हिक्युलॅरिन, हायपरोसाइड, आयसोक्वेर्सिट्रिन. सगळ्यांचा सांगाडा तोच, साखर मात्र वेगळी, आणि ती तिसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला जोडलेली. ही एकमेकांपासून वेगळी ओळखायची कशी, खरी अडचण इथेच आहे.

पाने तोडतानाच कोवळी आणि जून वेगळी ठेवा, कारण वयानुसार प्रमाण बदलते. सावलीत, पातळ थरात, वारा लागेल अशी सुकवा. ओव्हन असेल तर ४० अंशांवर. ओलावा रेंगाळला की पानातलीच एन्झाइम कामाला लागतात: काही ग्लायकोसाइडमधली साखर तोडतात, तर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज पान काळपट करते. फुलाफळासह एक फांदी दाबून सुकवायची आणि ओळख पटवून हर्बेरियम नमुना क्रमांक घ्यायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. 'घराजवळचे झाड' ही प्रबंधात लिहायची ओळख नव्हे.

अर्ध्या किलो भुकटीपासून सुरुवात पुरते. आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरमध्ये भिजवून मेण, तेल आणि बराचसा हिरवा रंग काढून टाका. मग ८०% मिथेनॉलमध्ये थंडच भिजवा, गाळा, पुन्हा भिजवा. तीनदा केले की बहुतेक माल बाहेर येतो. (इथेनॉल जास्त सुरक्षित, पण शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून कॉलेजात मिथेनॉल. ते विषारी आहे, फ्युमहूडमध्येच हाताळा.) रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट आटवणारे यंत्र) ४०-४५ अंशांच्या वर जाऊ नका. मिथेनॉल उडून पाणी उरले की राहिलेले क्लोरोफिल चिकट होऊन खाली बसते. ते सेलाइटच्या थरातून गाळून टाका.

आता सेपरेटिंग फनेल. पाण्यातला भाग क्रमाने क्लोरोफॉर्म, इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाण्याने संपृक्त केलेल्या ब्युटेनॉलने काढायचा. क्वेर्सेटिन आणि त्याचे एका साखरेचे ग्लायकोसाइड इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये येतात. रुटिनसारखे दोन साखरांचे बहुतांशी ब्युटेनॉलमध्ये. मोकळ्या साखरा, क्षार आणि बरेचसे मोठे टॅनिन पाण्यात उरतात. आपल्याला हवा तो इथाइल अ‍ॅसिटेटचा भाग.

प्रत्येक टप्प्यावर टीएलसी (प्लेटवर संयुगांचे ठिपके वेगळे करणारी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) करा. इथाइल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक आम्ल, अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी १००:११:११:२६ हे जुने आणि खात्रीचे द्रावक-मिश्रण आहे. प्लेटवर डायफिनाइलबोरिक आम्लाच्या अमिनोइथाइल एस्टरचा फवारा मारून ३६५ नॅनोमीटरखाली पाहिले की क्वेर्सेटिनची संयुगे नारिंगी चमकतात, केम्फेरॉल या दुसऱ्या फ्लॅवोनॉइडची पिवळट हिरवी. दुसऱ्या प्लेटवर डीपीपीएच फवारा: जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके. आता तुम्हाला कोणता ठिपका काम करतो आहे हे डोळ्यांनी दिसते. पूर्ण अर्काच्या आलेखात हे कधीच दिसणार नव्हते.

कॉलमबद्दल (नळीत भरलेल्या पदार्थातून मिश्रण सोडून संयुगे वेगळी करणे) प्रतिसादांत बोलू, तिथेच बहुतेकांचे प्रश्न असतात.

सौरभ_नगर

मॅडम, फार गरजेचा धागा. एम.एस्सी. भाग दोनला आहे, विषय हाच, फक्त पान शेवग्याचे. दोन अडचणी. इथाइल अ‍ॅसिटेटने हलवल्यावर फनेलमध्ये मध्येच फेसाळ थर होतो आणि तो सुटत नाही. आणि सिलिका कॉलमवर सगळे फ्रॅक्शन एकसारखेच येतात, ठिपके लांब शेपटीसारखे ओढले जातात. सर म्हणतात आणखी सिलिका घाल.

गंधाली

सौरभ, फनेल झटकून हलवू नकोस. आडवा धरून हळूहळू उलटसुलट कर. तरी थर झालाच तर थोडे मिठाचे संपृक्त द्रावण घाल, किंवा तेवढाच थर काढून सेंट्रिफ्यूज कर. क्लोरोफिल आधी नीट काढले असेल तर हा त्रास निम्मा होतो.

आणखी सिलिकाने काम होणार नाही. या संयुगांवर इतके हायड्रॉक्सिल गट असतात की सिलिका त्यांना धरून ठेवते, म्हणून शेपटी. पेरूत तर टॅनिनही भरपूर आहेत, ते सिलिकावर चढले की सगळ्यांत मिसळतात. सिलिकाऐवजी सेफाडेक्स एलएच-२० वापर. महाग आहे हे खरे, पण धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते, विभागाने एकदाच घ्यायची गोष्ट आहे. १ ग्रॅम कोरडी भुकटी मिथेनॉलमध्ये फुगून साधारण ४ मिली होते, म्हणजे २५ ग्रॅममध्ये १०० मिलीचा कॉलम बसतो. मिथेनॉलनेच चालव, घाई न करता, थेंबाथेंबाने. जास्त साखरा असलेले आधी उतरतात, मग एक साखरेचे, मग बिनसाखरेचे क्वेर्सेटिन. मोठे टॅनिन वरच अडकून राहतात. ते शेवटी ७०% अ‍ॅसिटोनने धुऊन काढायचे.

एलएच-२० मिळतच नसेल तर पॉलिअमाइड. पाण्यापासून सुरू करून मिथेनॉल वाढवत जायचे.

शेवग्याच्या पानातही क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉलचे ग्लायकोसाइड आहेत, मार्ग तोच. पण त्यातले काही मॅलोनिल गट लागलेले असतात आणि तो गट उष्णतेने सुटतो. सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंटने सतत अर्क काढणारे उपकरण) लावणार असशील तर लावू नकोस.

पेरूबाग_राहाता

रसायनातले मला कळत नाही, पण पानाबद्दल बोलतो. ताई, बागेतले पान उचलण्याआधी मालकाला फवारणीची वही मागा. पिठ्या ढेकणासाठी कीटकनाशक, बुरशीसाठी तांब्याचे औषध, असे काही ना काही पानावर असतेच. तुमच्या यंत्रात ते पण दिसणार. आमच्याकडे बहार धरताना छाटणी होते तेव्हा पानांचे ढीग पडतात आणि जळणाला किंवा बांधावर जातात. मुलांना हवी असतील तर फवारणी न केलेल्या झाडांची छाटणी मी वेगळी ठेवून देईन. जात सरदार, म्हणजे लखनौ-४९. नाव लखनौचे असले तरी निवड आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीतली.

गंधाली

दादा, हे सोन्यासारखे आहे. जात, छाटणीचा महिना, फवारणीची नोंद, हे सगळे प्रबंधात आले तर दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता येईल. आणि हो, तांबे पॉलिफिनॉलचे ऑक्सिडीकरण वाढवते, त्यामुळे बोर्डो मारलेले पान आम्हाला नकोच.

राइनकाठ

इथे जर्मनीत एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन आणि कार्बन ओळखून रचना ठरवायचे तंत्र) विभागात काम करतो, वनस्पतींची बरीच संयुगे हाताखालून जातात. रचना पक्की करण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुकीचे नाव याच टप्प्यावर लागते.

ग्वायजाव्हेरिन आणि अ‍ॅव्हिक्युलॅरिन दोघांचे रेणुसूत्र एकच आहे, रेणुभार ४३४. दोघांतही अरॅबिनोज, फक्त एकात सहा अणूंचे वलय आणि दुसऱ्यात पाच अणूंचे. झायलोज असलेले रेनुट्रिनही ४३४ च. मास स्पेक्ट्रममध्ये ऋण पद्धतीत तिन्ही ४३३ दाखवतात, तिन्ही तुटून ३०० आणि ३०१ देतात. त्यामुळे 'एलसी-एमएसमध्ये ४३३ दिसले, लायब्ररीने ग्वायजाव्हेरिन सुचवले' एवढ्यावर नाव लिहू नये. हायपरोसाइड आणि आयसोक्वेर्सिट्रिनची जोडीही अशीच, दोघे ४६४, एकात गॅलॅक्टोज आणि दुसऱ्यात ग्लुकोज.

प्रोटॉन एनएमआरमध्ये क्वेर्सेटिनचा सांगाडा पटकन ओळखतो. ६.२ आणि ६.४ पीपीएमच्या आसपास प्रत्येकी २ हर्ट्झचे दोन दुहेरी शिखर म्हणजे सहावा आणि आठवा प्रोटॉन. ६.८ ते ७.७ मध्ये बी-वलयाचे (सांगाड्याच्या बाजूच्या वलयाचे) तीन. डीएमएसओमध्ये घेतले असेल तर १२.६ च्या जवळ पाचव्या हायड्रॉक्सिलचे टोकदार शिखर.

मग साखरेचा पहिला प्रोटॉन पाहा. ग्वायजाव्हेरिनमध्ये तो ५.३ च्या जवळ, ५ हर्ट्झच्या वरचे कपलिंग (शिखर किती दुभंगते त्याचे माप). अ‍ॅव्हिक्युलॅरिनमध्ये ५.६ च्या जवळ आणि कपलिंग इतके लहान की बहुधा एकेरी वाटते. कार्बनमध्ये फरक आणखी स्पष्ट: पाच अणूंच्या वलयाचा पहिला कार्बन १०८ च्या आसपास जातो, सहाच्या वलयाचा १०१ ते १०४ मध्ये राहतो. एचएमबीसीमध्ये (दोन-तीन बंधांपलीकडचे प्रोटॉन-कार्बन नाते दाखवणारा एनएमआर प्रयोग) हा प्रोटॉन १३३-१३४ पीपीएमच्या कार्बनशी जोडलेला दिसला, म्हणजे साखर तिसऱ्या जागी आहे हे सिद्ध.

मालाची चिंता नको. ४०० मेगाहर्ट्झवर प्रोटॉनला ५ मिलिग्रॅम खूप झाले, कार्बनला १०-२० असले तर सुखाने होते. नमुना परत हवा असेल तर ड्युटेरेटेड मिथेनॉलमध्ये घ्या, डीएमएसओ उडवून काढणे कठीण.

गंधाली

फार छान लिहिलेत. यालाच जोडून एक. अ‍ॅव्हिक्युलॅरिनमधली ती पाच अणूंच्या वलयाची साखर आम्लात फार लवकर सुटते. शेवटच्या एचपीएलसीमध्ये (उच्च दाबाच्या कॉलमवरचे शुद्धीकरण) ०.१% फॉर्मिक आम्ल घालतो, आणि मग तेच फ्रॅक्शन आम्लासकट गरम करून आटवले की बाटलीत क्वेर्सेटिन उरते. मुले लिहितात 'पानातून क्वेर्सेटिन मिळाले'. ते पानात होते की आटवताना झाले? म्हणून आम्लाचे फ्रॅक्शन फ्रीझ-ड्राय करावे, किंवा आधी छोट्या सी-१८ कार्ट्रिजवर चढवून पाण्याने आम्ल धुवावे आणि मिथेनॉलने काढून आटवावे. मिथेनॉलही निरुपद्रवी नाही: काही आम्लांचे मिथाइल एस्टर त्यात तयार होतात.

आणि ज्यांच्याकडे एनएमआर नाही त्यांनी मुद्दाम आम्लविघटन करावे. शुद्ध केलेले थोडे संयुग २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर उकळा, इथाइल अ‍ॅसिटेटने क्वेर्सेटिन काढून टीएलसीवर प्रमाण नमुन्याशेजारी लावा, पाण्यातली साखर वेगळ्या प्लेटवर लावा. वलय पाचाचे की सहाचे हे याने कळणार नाही, पण अरॅबिनोज, गॅलॅक्टोज की ग्लुकोज हे कळते. शेकडो रुपयांत होणारे काम आहे.

वैद्य_संगमेश्वर

उत्तम चर्चा. पेरू पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आला, त्यामुळे संहितांत तो नाही. तरी कोकणात जुलाबाला कोवळ्या पानांचा काढा आणि दातदुखीला पाने चावणे हे घरोघरी चालत आले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. काढ्यात टॅनिन स्तंभन करते, म्हणजे जुलाब आवळते, फ्लॅवोनॉइड आतड्याची पेटक्यासारखी हालचाल कमी करतात. एकेक संयुग सुटे केलेत की हा मेळ हरवतो. शुद्ध संयुगालाच श्रेष्ठ मानण्याचा सूर मला पटत नाही.

गंधाली

वैद्यराज, काढा कमी प्रतीचा असे मी म्हणत नाही, आणि म्हणणारही नाही. पण कोणाचा काढा? जून पानांचा, कोवळ्या पानांचा, पावसाळ्यातला, उन्हाळ्यातला? आज गुण आला आणि उद्या आला नाही तर कारण कसे शोधणार? मेक्सिकोत पेरूच्या पानांच्या कॅप्सूल रुग्णांना देऊन पाहिल्या, तेव्हा त्या क्वेर्सेटिनच्या ठरावीक प्रमाणावर बांधलेल्या होत्या. औषध अख्खे पानच होते, पण मोजमापाला शुद्ध संयुग लागले. काढा काढाच राहू द्यावा, फक्त त्यात काय किती आहे ते सांगता यावे.

वैद्य_संगमेश्वर

मोजमापापुरते मान्य. मेळाचा मुद्दा मी सोडलेला नाही. मेळ मोजायचा असेल तर संयुगे पुन्हा एकत्र करून तीच क्रिया मिळते का, हेही कुणीतरी करावे.

मैत्रेयी_ठाणे

मी गृहिणी, वडिलांना मधुमेह आहे. नातेवाइकांनी पेरूच्या पानांचा चहा सुचवला. 'अँटिऑक्सिडंट भरपूर' असे पाकिटावर लिहिलेय. द्यावा का?

गंधाली

मैत्रेयीताई, जपानमध्ये या पानांच्या चहाला जेवणानंतरची साखर थोडी आटोक्यात ठेवणारे पेय म्हणून अधिकृत मान्यता आहे. चहातले पॉलिफिनॉल आतड्यात स्टार्च आणि साखर तोडणाऱ्या एन्झाइमना अडवतात. पण वडिलांच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज देऊ नका, साखर जास्त खाली जाऊ शकते. टॅनिनमुळे जेवणातले लोह कमी शोषले जाते, तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही सांगा.

पाकिटावरच्या 'अँटिऑक्सिडंट भरपूर'ला काही महत्त्व देऊ नका. नळीतला आकडा शरीरात तसाच लागू होत नाही. क्वेर्सेटिन थोडेच शोषले जाते आणि रक्तात जाईपर्यंत आतडे व यकृत त्याला ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून टाकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या.

बोरीबाभळ

मग डीपीपीएच करायचेच का? आमच्या विभागात तर त्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही.

राइनकाठ

करावे, पण तपासून. नळीत डीपीपीएचची अंतिम मात्रा १०० मायक्रोमोलर असेल तर ५१७ नॅनोमीटरला शोषण १.१ ते १.२ च्या आसपास यायला हवे. एस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो, म्हणजे त्याचा आयसी५० (निम्मे डीपीपीएच संपवणारी मात्रा) जवळपास २५ मायक्रोमोलर, अर्थात मिलीला साधारण ४.४ मायक्रोग्रॅम. तुमचा आकडा ५० मायक्रोग्रॅम येत असेल तर वनस्पतीकडे वळण्याआधी आपले द्रावण तपासा. प्रबंधात डीपीपीएचची अंतिम मात्रा लिहिलेली नसेल तर आयसी५० ची तुलना कोणाशीच करता येत नाही.

शुद्ध संयुगांची तुलना नेहमी मायक्रोमोलरमध्ये. क्वेर्सेटिन ३०२, ग्वायजाव्हेरिन ४३४. मायक्रोग्रॅममध्ये लिहिले की साखरेच्या वजनामुळेच ग्लायकोसाइड दुबळा दिसतो.

गंधाली

एकूण फ्लॅवोनॉइड मोजण्याचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची ४१५ नॅनोमीटरची पद्धत वेगळी आणि सोडियम नायट्राइट घालून ५१० ला मोजायची वेगळी. दुसरीत क्लोरोजेनिक आम्लासारखी कॅटेकॉल गटाची इतर संयुगेही रंग देतात, म्हणून आकडा फुगतो. कोणती वापरली ते लिहा.

जुनेपान

निवृत्त आहे, वाचत होतो. गंधालीताई, मुलांना हेही सांगा की हे क्षेत्र आपल्याकडे परके नाही. प्राध्यापक टी. आर. शेषाद्री यांनी वाल्टेअरला आणि नंतर दिल्लीत आयुष्यभर फ्लॅवोनॉइडच केले, तेही एनएमआर हाताशी नसण्याच्या काळात. विघटन, मिथिलीकरण, तुकडे ओळखणे आणि मग संश्लेषण करून खात्री. फ्लॅव्होन बनवण्याच्या मार्गातल्या बेकर-वेंकटरामन पुनर्रचनेतले के. वेंकटरामन मुंबईच्या यूडीसीटीत (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आजची आयसीटी) होते आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ज्या शहरात मुले 'उपकरण नाही' म्हणून अर्कावर थांबतात, त्याच शहरातली ही परंपरा आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

सौरभ_नगर

सगळ्यांचे मनापासून आभार. विभागात एलएच-२० ची न उघडलेली बाटली सापडली. गेल्या आठवड्यात एका फ्रॅक्शनचा प्रोटॉन एनएमआर बाहेरून करून आणला होता. त्यात ७.५ आणि ७.७ ला शिखरे आहेत म्हणून बी-वलय समजलो, पण ६.२ आणि ६.४ ला काहीच नाही. ४.२ च्या जवळ एक आणि ०.९ ते १.७ मध्ये बरीच गर्दी आहे.

राइनकाठ

सौरभ, हे बहुधा थॅलेट आहे, प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते. सॉल्व्हंट प्लास्टिकच्या कॅनमधला होता का, किंवा नळी पीव्हीसीची? मासमध्ये धन पद्धतीत ३९१ आले तर खात्री समज. अशी थॅलेट 'वनस्पतीतून मिळालेले संयुग' म्हणून छापली गेली आहेत, तेव्हा आत्ताच लक्षात आले हे चांगले.

गंधाली

मिथेनॉल काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातन करून घे, फ्रॅक्शन काचेच्याच नळ्यांत गोळा कर, झाकणाखाली पॅराफिल्म लावू नकोस. एक कोरी चाचणीही कर: अर्धा लिटर नुसता सॉल्व्हंट आटव आणि काय उरते ते प्लेटवर पाहा. मग इथाइल अ‍ॅसिटेटचा भाग एलएच-२० वर चढव आणि प्रत्येक पाचव्या फ्रॅक्शनच्या प्लेटचा ३६५ खालचा फोटो इथे टाक. कोणते एकत्र करायचे ते आपण मिळून ठरवू.

पेरूबाग_राहाता

ताई, पुढच्या महिन्यात छाटणी आहे. किती किलो ठेवू?

गंधाली

दादा, ओली ५ किलो पुरे. कोवळी वेगळी, जून वेगळी. ज्वारीच्या कोरड्या पोत्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.